नदीकाठच्या छोट्या एअरपोर्टवर दर काही वर्षांनी पाणी भरतं: ते येतं कुठून आणि करायचं काय

प्रॉब्लेम थोडक्यात सांगतो. शहराला खेटून, नदीच्या वळणात बसलेलं छोटं एअरपोर्ट. सगळ्यांना सोयीचं, म्हणून कोणी हलवायचं नाव काढत नाही. आणि दर काही वर्षांनी नदी फुगली की तेच सगळं परत, हँगर रिकामे करा, विमानं दुसरीकडे नेऊन लावा, मग पाणी उतरलं की चिखल काढा, मग रनवेचे दिवे लागत नाहीत म्हणून डोकं धरा, आणि गाडी रुळावर येते ना येते तोवर पुढच्या पुराचा अंदाज छापून येतो.

मी हे लिहितोय ते मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या डाउनटाउन एअरपोर्टवरून, ज्याला इथे सगळे होल्मन फील्डच म्हणतात. चार्ल्स होल्मन नावाचा एक कसरती पायलट होता, लोक त्याला 'स्पीड' म्हणायचे, १९३१ मध्ये ओमाहाला एका शोमध्ये विमान कोसळून गेला बिचारा, त्याचं नाव दिलंय. एअरपोर्ट १९२६ पासूनचं. तीन रनवे, मुख्य रनवे साधारण साडेसहा हजार फूट, कंपन्यांची जेट, नॅशनल गार्डची हेलिकॉप्टरं आणि आपल्यासारख्यांची छोटी सेसना-पायपर. मिसिसिपी इथे मोठं वळण घेते आणि एअरपोर्ट बरोबर त्या वळणाच्या पोटात. त्या पट्ट्यात पूर्वी पाणथळ आणि लॅम्प्रे लेक नावाचं तळं होतं, ते भरून जमीन काढलेली. त्यामुळे पाणी का येतं हा प्रश्नच नाही, कुठून येतं आणि किती आधी कळतं हे दोनच प्रश्न खरे.

जुना रेकॉर्ड बघा म्हणजे अंदाज येईल. एप्रिल १९६५ ला सेंट पॉलच्या गेजवर (नदीची पातळी मोजायच्या पट्टीवर) २६ फूट, आजवरचा सगळ्यात मोठा पूर. १९६९ ला साडेचोवीस. २००१ ला पावणेचोवीसच्या आसपास. १९९३, १९९७, २००१ अशी नऊ वर्षांत तीनदा एअरपोर्ट पाण्यात गेलं, आणि तिथून मग पूर अडवणाऱ्या भिंतीचं काम खरं पुढे सरकलं. भिंत झाल्यावर पूर थांबलेत असं नाही हां. २०१०, २०११, २०१४, २०१९, २०२३, २०२४, या प्रत्येक वर्षी नदी १७ फुटांच्या वर गेलीय, म्हणजे इथल्या भाषेत 'मेजर'.

गेजचा आकडा आधी नीट समजून घ्या

कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना हे वेगळं शिकवायची गरजच नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे तिकडे शाळेतलं पोरगंही सांगतं. सेंट पॉलच्या गेजला तसेच टप्पे आहेत, १४ फुटाला फ्लड स्टेज, १५ ला मॉडरेट, १७ ला मेजर. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर चालू पातळी आणि पुढच्या काही दिवसांचा अंदाज एकाच ग्राफवर दिसतो, फुकट आहे, फोनवर होम स्क्रीनला लावून टाका.

पण एक घोळ नेहमी होतो. गेजवर १७ फूट म्हणजे नदी १७ फूट खोल असं नाही, आणि तुमच्या हँगरच्या उंबऱ्यापासून तर अजिबातच नाही. गेजचा शून्य हा समुद्रसपाटीपासून ठरावीक उंचीवर असतो, त्यात वाचन मिळवलं की पाण्याची खरी पातळी निघते, आणि ती तुमच्या रॅम्पच्या (विमानं लावायच्या जागेच्या), हँगरच्या, इलेक्ट्रिकल व्हॉल्टच्या (दिव्यांची वीजयंत्रं ठेवायच्या खोलीच्या) उंचीशी ताडायची. एअरपोर्टची चार्टवरची उंची ७०५ फूट आहे, पण ती रनवेवरच्या सगळ्यात उंच जागेची असते! लोक तोच आकडा धरून बसतात आणि म्हणतात आपण अजून सेफ आहोत, आणि सखल कोपऱ्यातला हँगर तोवर ओला झालेला असतो. शिवाय जुन्या नकाशांवरच्या उंच्या जुन्या डेटमच्या (उंची जिथून मोजायची त्या शून्याच्या) असतात आणि नवीन सर्व्हे नव्या डेटमचा, दोन्ही एकत्र जोडले तर हिशोब गंडतो. सर्व्हेवाल्याला एकदा पैसे देऊन आपल्या हँगरच्या फरशीची उंची काढून घ्या आणि 'गेजवर इतके फूट झाले की माझ्या दारात पाणी' असा एकच आकडा दारावर रंगवून ठेवा. बाकी सगळं त्या आकड्यावरून उलटं मोजायचं.

दुसरं म्हणजे समोरच्या नदीकडे बघत बसू नका, वरच्या नदीकडे बघा. सेंट पॉलच्या थोडं वर, फोर्ट स्नेलिंगपाशी, मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते, आणि वसंतातला मोठा पूर बरेचदा ती मिनेसोटा नदीच घेऊन येते. म्हणून जॉर्डन गावाजवळचा गेज वर चढायला लागला की आपल्याकडे काय येणार हे आधी कळतं. पंचगंगेचं बघायचं तर लोक राधानगरीचे दरवाजे किती उघडले ते आधी विचारतात ना, तोच हिशोब. फरक एवढाच की मार्च-एप्रिलचा पूर बर्फ वितळून येतो, जमीन खाली गोठलेली असते, पाणी मुरत नाही, आणि त्याचा अंदाज फेब्रुवारीपासून निघायला लागतो, त्यामुळे हातात वेळ असतो. जूनचा पूर पावसाचा असतो, २०१४ आणि २०२४ चा तसाच, आणि त्यात वेळ फार कमी मिळतो. जूनमध्ये सगळे सुट्टीच्या मूडमध्ये, अर्धे मालक गावाला गेलेले, विमानाच्या चाव्या कुणाकडे माहीत नाही. माझ्या मते वसंतातल्या पुरापेक्षा जूनचा पूर जास्त डेंजर, पाणी तेवढंच असलं तरी.

नदी काठाच्या खाली, पाऊस नाही, तरी टॅक्सीवेच्या कडेला पाणी

हे लक्षण सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं. लोक म्हणतात भिंत फुटली, भिंत गळते. बहुतेक वेळा भिंतीचा काही संबंध नसतो, पाणी तुमच्याच पावसाळी गटारातून उलटं येतं. एअरपोर्ट सपाट, त्यामुळे पाणी काढायला पाइपांचं जाळं, आणि ते सगळं शेवटी नदीत सुटतं. नदी त्या पाइपच्या तोंडाच्या वर गेली की पाइप दोन्ही बाजूंनी चालतो. मग रनवेच्या मधोमध, नदीपासून लांब, सगळ्यात सखल जागी असलेल्या जाळीतून बुडबुड करत पाणी वर यायला लागतं.

उपाय म्हणजे पाइपच्या तोंडाशी फ्लॅप गेट, वरून बिजागरीवर लटकणारं झाकण, आतलं पाणी बाहेर ढकलतं आणि बाहेरचं आत येऊ देत नाही. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात त्यात एखादा ओंडका, प्लास्टिकचा क्रेट, बर्फाचा तुकडा अडकतो आणि झाकण चार बोटं उघडं राहतं, आणि चार बोटं पुरेशी असतात. म्हणून फ्लॅप गेटच्या मागे हाताने बंद करायचा स्लूस गेट हवाच, आणि तो ऑक्टोबरमध्ये एकदा पूर्ण फिरवून बघायचा. पूर आल्यावर गंजलेलं चाक फिरत नाही आणि गेट तोवर पाण्याखाली असतो, मग डायव्हर शोधत बसा.

गेट बंद केलं की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो आणि हा हमखास विसरला जातो. आता आत पडलेला पाऊस जाणार कुठे? नदीकडे जायचा रस्ता तुम्हीच बंद केलाय. सपाट काँक्रीट आणि डांबर, एक चांगली सर आली की आतल्या आतच पूर. म्हणजे पंप लागणार, ते डिझेलवर चालणारे लागणार कारण वीज सगळ्यात आधी जाते, आणि डिझेल ठेवायला उंच जागा लागणार. गेट, पंप, डिझेल, हे तिन्ही मिळून एक उपाय आहे. त्यातलं एक नसलं तर बाकीच्या दोनवर केलेला खर्च अर्धा फुकट.

दुसरं कारण, जमिनीखालचं पाणी. नदीकाठची माती वाळूची, नदी चढली की भूजलही चढतं, आणि भिंत वर कितीही उंच असू दे खालून दाब येतोच. यासाठीच भिंतीखाली लोखंडी शीट पाइल (उभे पत्रे) खोल ठोकलेल्या असतात, पाण्याचा रस्ता लांब करायला. तरी कुठेतरी गवतात छोटा झरा फुटल्यासारखं दिसतं, ज्याला इथे सँड बॉइल म्हणतात. ते दिसलं की पाणी कसंय ते बघा. स्वच्छ पाणी येत असेल तर फक्त लक्ष ठेवा. गढूळ येत असेल, भोवती वाळूची कडी जमत असेल, तर पाणी खालून माती वाहून नेतंय, ताबडतोब एअरपोर्टच्या ऑपरेशन्सला फोन. आणि कृपा करून त्याच्यावर थेट वाळूची पोती टाकून तोंड बंद करू नका. दाबलं की ते बाजूला फुटतं. भोवती पोत्यांची गोल विहीर रचायची, आत पाणी चढू द्यायचं, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब खालच्या दाबाला तोलतो आणि माती यायची थांबते. पाणी थोडं वाहत राहिलं तरी चालेल.

भिंत आहे ना, मग एवढं टेन्शन कशाला

होल्मनची भिंत सगळीकडे कायमची नाही, यामागे कारण आहे. रनवेच्या टोकासमोर तुम्ही उंच भिंत उभी केलीत तर ती उतरणाऱ्या विमानाला अडथळा. अप्रोचचा जो तिरका मोकळा पट्टा असतो त्यात काही घुसता कामा नये. म्हणून काही भाग असे की एरवी तिथे फक्त पाया आणि खाचा, आणि पूर येणार म्हटलं की खांब उभे करायचे, त्यात फळ्या सरकवायच्या. नदी १७ च्या आसपास जाणार असा अंदाज आला की हे काम निघतं.

तर याचा अर्थ आपल्यासाठी काय? भिंत उभी असताना एअरपोर्ट कोरडं असतं पण ते नेहमीचं एअरपोर्ट नसतं. रनवेची वापरता येणारी लांबी, थ्रेशोल्ड (उतरायच्या पट्ट्याची सुरुवात), इन्स्ट्रुमेंट अप्रोचची मिनिमम (उपकरणांवर उतरताना किती खाली येता येतं ती मर्यादा), यातलं काहीही बदललेलं असू शकतं. नोटॅम (पायलटांसाठीच्या अधिकृत सूचना) रोज वाचा, फ्लाइटच्या आधी पुन्हा वाचा, आणि 'काल तर उतरलो होतो' हे कारण डोक्यातून काढा.

आणि एक गोष्ट मला लोकांना सारखी सांगावी लागते, भिंत पाणी अडवते, ते नाहीसं करत नाही. ऑस्ट्रेलियात लिस्मोर म्हणून गाव आहे, विल्सन्स नदीच्या काठी, तिथलंही छोटं एअरपोर्ट पूरमैदानातच. गावाला बांध आहे, पण तो ठरावीक उंचीपर्यंतचा. २८ फेब्रुवारी २०२२ ला नदी १४.४ मीटरवर गेली, बांध पाण्याखाली, एअरपोर्टही पाण्याखाली. बांध नापास झाला असं म्हणता येत नाही, तो तेवढ्यासाठी बांधलेलाच नव्हता. आपली भिंत किती फुटांसाठी आहे हे विचारून घ्या, तोही आकडा दारावर दुसऱ्या रंगात लिहा.

कोचीचं उदाहरण, कारण तिथे पाणी मागून आलं

कोची काही छोटं एअरपोर्ट नाही, पण नेडुंबसेरीची, म्हणजे तिथल्या एअरपोर्टची, गोष्ट प्रत्येक छोट्या एअरपोर्टच्या कमिटीने वाचावी. भातशेतीच्या सखल जमिनीवर बांधलेलं, १९९९ ला सुरू झालं. पेरियार नदी जवळून जाते हे सगळ्यांना माहीत, पण खरी मेख चेंगल थोडू नावाच्या ओढ्यात. रनवे बांधताना ओढ्याचा मूळ मार्ग आड आला आणि तो वळवला. ऑगस्ट २०१३ मध्ये इडमलयार धरणाचे दरवाजे उघडले, ओढा फुगला आणि एअरपोर्ट बंद. २०१८ ला तर १५ ऑगस्टपासून २९ ऑगस्टपर्यंत बंद, कुंपणाची अडीच किलोमीटरहून जास्त भिंत पडली, शेकडो रनवे लाइट गेले, आणि प्रवासी विमानं काही दिवस नौदलाच्या आयएनएस गरुड तळावरून चालवावी लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तीन दिवस बंद. त्यानंतर ऑपरेशन प्रवाह या नावाने शंभर कोटींहून जास्त खर्चाचं काम काढलं, ते बघा कशाचं आहे: ओढे-कालवे उपसणं, पाण्याला अडणारे अरुंद पूल मोठे करणं, पाणी अडवायचे-सोडायचे रेग्युलेटर, पंप. बरंचसं काम एअरपोर्टच्या कुंपणाच्या बाहेर. मला हे फार पटतं. आपल्या हद्दीतला नाला आपण साफ करतो आणि हद्दीबाहेर पन्नास मीटरवर तो बुजलेला असतो, तिकडे कोणी जाऊन बघत नाही कारण ती जागा दुसऱ्या खात्याची.

आणि उलटं उदाहरण आपल्या घरचं. २०१९ ला कोल्हापूर शहर पाण्यात, हायवे बंद, पण उजळाईवाडीचं विमानतळ माळावर असल्यामुळे चालू राहिलं आणि एनडीआरएफच्या टीम तिथेच उतरल्या. छोट्या एअरपोर्टची पुरात सगळ्यात जास्त गरज असते, आणि नदीकाठची एअरपोर्ट नेमकी तेव्हाच बंद पडतात.

पाणी उतरलं, दिवे लागतात पण मधलेच काही मंद

रनवेच्या कडेचे दिवे घरातल्या दिव्यांसारखे जोडलेले नसतात, ते सिरीजमध्ये असतात, एकच करंट सगळ्यांतून फिरतो, साधारण ६.६ अँपिअर, आणि रेग्युलेटर तो कायम ठेवतो. प्रत्येक दिव्याखाली जमिनीत डबा, त्यात ट्रान्सफॉर्मर आणि कनेक्टर. पुरात या डब्यांत पाणी आणि गाळ भरतो. आता गंमत अशी की एका ठिकाणी केबल जमिनीला लागली तरी सगळं चालू दिसतं, कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी लागली की करंट त्या दोन जागांमधून जमिनीतून शॉर्टकट मारतो आणि मधले दिवे मंद होतात किंवा विझतात. त्यामुळे 'दिवे लागले, झालं' असं म्हणू नये. व्हॉल्टमध्ये सर्किट बंद करून मेगर नावाच्या मीटरने केबलचं इन्सुलेशन तपासायचं, आकडा लिहून ठेवायचा, पंधरा दिवसांनी परत तपासायचा. आकडा घसरत असेल तर कुठेतरी कनेक्टर आतून गंजतोय. मधून अर्धं-अर्धं करत फॉल्ट शोधावा लागतो, कंटाळवाणं काम आहे, पण एकेक बल्ब बदलत बसण्यापेक्षा बरं. हे अर्थातच एअरपोर्टच्या इलेक्ट्रिशियनचं काम, व्होल्टेज जीवघेणं असतं, आपण फक्त कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारायचं की मेगरचे आकडे कुठायत.

रेग्युलेटर आणि व्हॉल्ट जर तळमजल्यावर असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ते वर न्यायचा खर्च मंजूर करून घ्या.

रनवे कोरडा दिसतोय, उडू का?

दिसण्यावर जाऊ नका. वरचं डांबर दोन दिवसांत सुकतं, खालची माती आठवडे ओली राहते, आणि ओल्या मातीची वजन पेलायची ताकद खूप कमी होते. सेसनाला फरक पडणार नाही कदाचित, पण जड जेट टॅक्सी करत गेलं की फरशी दबते. पाणी झपाट्याने उतरलं असेल तर खालची बारीक माती त्याच्याबरोबर निघून पोकळी राहिलेली असते, ती वरून दिसत नाही. फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर म्हणून यंत्र असतं, ठरावीक वजन आपटून फरशी किती दबते ते मोजतं, मोठ्या एअरपोर्टला परवडतं. छोट्यांनी निदान भरलेला ट्रक हळू चालवून बघावा आणि सांध्यांजवळ पाणी वर येतं का ते बघावं. गाळ धुऊन काढावा लागतो, नुसता झाडून चालत नाही, बारीक गाळाचा थर पहिल्या सरीत साबणासारखा होतो.

विमान आणि इंधन

विमान हलवायचं तर लवकर. नदी चढायला लागल्यावर आजूबाजूच्या सगळ्या एअरपोर्टच्या जागा भरतात. ज्याचं ॲन्युअल (वार्षिक तपासणी) संपलंय त्याला एफएएकडून (अमेरिकेचं विमान-खातं) स्पेशल फ्लाइट परमिट लागतं, ते पुराच्या आदल्या रात्री मिळत नाही. जॅकवर असलेलं, इंजिन उतरवलेलं विमान असेल तर ते उडणारच नाही, ते ट्रेलरवर कसं जाईल आणि ट्रेलर कुणाचा हे हिवाळ्यातच ठरवा.

विमान बुडालंच तर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, बॅटरी काढा आणि प्रोपेलर हाताने फिरवूसुद्धा नका. इंजिनात पाणी आणि गाळ असताना फिरवलं की जे वाचलं असतं तेही जातं. फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा, मेकॅनिकला बोलवा. चाकांचे बेअरिंग आणि पंखाच्या आतला चिखल या दोन गोष्टी वरून छान धुतलेल्या विमानातही राहून जातात.

फ्युएल टँकबद्दल एक चुकीची समजूत आहे की भरलेला टँक तरंगत नाही. एव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ०.७२ किलो, त्यामुळे भरलेला टँकही पाण्यात वर उचलला जायला बघतो, रिकाम्यापेक्षा कमी जोराने एवढंच. पट्ट्यांनी काँक्रीटला बांधलेला नसेल तर तो सुटून जातो आणि पाइप तोडून जातो. व्हेंटची तोंडं पुराच्या पातळीच्या वर हवीत. पाणी उतरल्यावर टँकच्या तळाला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून तपासल्याशिवाय एक थेंबही कुणाच्या विमानात भरू देऊ नका, आणि नंतरचे काही आठवडे प्रीफ्लाइटला सम्प ड्रेन करताना (टाकीच्या तळातलं थोडं इंधन काढून बघताना) बाटली उजेडात धरून बघा.

राहता राहिले पक्षी. पाणी साचलेल्या गवतात बगळे, बदकं, गीज येऊन बसतात आणि पाणी गेलं तरी खायला मिळतं म्हणून मुक्काम ठोकतात. टॉवरला विचारल्याशिवाय टेकऑफला घाई करू नका, आणि एअरपोर्टवाल्यांना ती डबकी पंपाने काढायला लावा, फटाके वाजवून ते दुपारपर्यंत परत येतात.